ब्रेक लागत नाही म्हणून वायर आवळत बसलाय? आधी रबर बघा

दांडीवरचा

परवाच्या रविवारी सायकलनं पन्हाळ्यावरून उतरत होतो. वाघबिळाच्या अलीकडं एका वळणावर वडाप (शेअर जीप) उभं, माणसं उतरत होती. ब्रेकची उजवी मूठ दाबली तर ती सरळ हँडलला जाऊन टेकली. डावी होती म्हणून वाचलो; उरलेलं काम बुटाच्या तळव्यानं आणि कडेच्या मुरमानं केलं. गुडघा सोलला आणि वडापवाल्यानं "काय मर्दा, पाय घासून थांबतोयस व्हय?" असं विचारलं, तेवढ्यावर भागलं.

आदल्याच आठवड्यात सायकल दुकानात दाखवून आणली होती. तिथल्या पोरानं वायर खेचली, नट आवळला, "आता कडक हाय बगा" म्हणून सोडून दिलं. कडक होताच. दुकानाचं नाव विचारू नका, कारण हेच उत्तर मला आजवर चार दुकानांत मिळालंय. ब्रेक सैल? आवळ वायर. ब्रेक वाजतोय? आवळ वायर.

घरी येऊन सायकल उलटी केली तेव्हा खरा प्रकार दिसला. पुढच्या चाकाचं डावं रबर झिजत झिजत रिमच्या खालच्या कडेवरून निम्मं बाहेर गेलं होतं. बाहेरचा भाग कशालाच घासत नाही, म्हणून तो झिजतही नाही. मग रबराला खाली एक ओठ तयार होतो. हळू दाबलं तर सगळं ठीक वाटतं. घाटात जिवाच्या आकांतानं दाबलं की तो ओठ रिमच्या खाली शिरतो आणि मूठ हँडलला. वायर आवळून हे बरं होत नाही, नुसतं झाकलं जातं.

माझे व्ही-ब्रेक आहेत. त्यांचे दोन्ही हात खालच्या बाजूला, चिमट्यावरच्या खुंट्यांवर फिरतात. त्यामुळं रबर जसं झिजतं तसं ते आत येताना थोडं खाली उतरतं, आऱ्यांच्या दिशेनं. ज्यांचे कॅलिपर ब्रेक आहेत (टायरच्या वर एकच नट, दोन वाकडे हात) त्यांच्यात रबर वेगळ्या वाटेनं सरकतं. तिथं रबर वर चढलं तर ते टायरची कड खायला लागतं. टायरच्या बगलेत कापल्यासारखी रेघ दिसली तर टायर कंपनीला शिव्या घालण्याआधी रबर बघा.

आता मी घरी काय केलं ते सांगतो. एक पाच मिमीची एल-की, दहाचा पाना, पॉलिश पेपर, जुनं फडकं आणि एक लग्नपत्रिका एवढंच सामान लागलं. लग्नपत्रिकेचं पुढं सांगतो.

पहिल्यांदा चाक फिरवून बघितलं. चाकाला आउट असेल तर बाकी सगळी मेहनत वाया, कारण रिम डोलत असताना रबर जवळ आणताच येत नाही. माझ्या चाकाला आउट नव्हता. मग रिम भांड्याच्या साबणानं धुतली, पुसली, वाळवली. रिमवर जी काळी पुटं बसतात ती रबराची पूड आणि रस्त्यातली घाण असते, आणि ती पॉलिशसारखी काम करते.

रबरं काढली. खाचा बुजलेल्या होत्या, म्हणजे ती कधीच बदलायला हवी होती. नवी जोडी दीडशेला मिळाली. बसवताना वॉशरांचा क्रम लक्षात ठेवा. व्ही-ब्रेकला वाटीसारखे वॉशर असतात, एक जाड, एक बारीक, रबर कुठल्याही कोनात वळावं म्हणून. काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढला तर नंतर डोकं खाजवावं लागत नाही.

मग मुख्य काम. रबर रिमच्या घासपट्टीवर बरोबर मधे यायला हवं, वर टायरला नाही आणि खाली कडेबाहेर नाही. वरून मिमीभर जागा सुटली तर उत्तम. आणि रबराचं पुढचं टोक, म्हणजे सायकल ज्या दिशेला जाते तिकडचं टोक, रिमला अगोदर टेकलं पाहिजे. मागच्या टोकाला साधारण मिमीभर फट. ही फट डोळ्यानं साधत नाही. इथं लग्नपत्रिका. तिचा एक तुकडा दुमडून रबराच्या मागच्या टोकाखाली धरायचा, मूठ दाबून रबर रिमवर आवळून ठेवायचं आणि तसंच नट घट्ट करायचा. नट आवळताना रबर त्याच्याबरोबर फिरायला बघतं, ते दुसऱ्या हातानं धरा. मूठ दाबायला घरातलं कुणीतरी लागतं. आमच्याकडं मुलगी होती, तिनं दहा मिनिटांचे वीस रुपये घेतले. दुकानात वाचवले ते असे गेले.

वायर सगळ्यात शेवटी. मुठीजवळचा ॲडजस्टिंग स्क्रू आधी पूर्ण आत फिरवला, मग दोन आटे बाहेर काढला, मग वायर ओढून नट आवळला. दोन्ही बाजूंना रिम आणि रबर यांच्यात दीड-दोन मिमी अंतर राहिलं. नंतर मूठ दहा-बारा वेळा जीव खाऊन दाबली. वायर नटातून निसटायची असेल तर ती अंगणात निसटू दे, वाघबिळात नको.

कुणाचं काय वेगळं तंत्र असेल तर लिहा.

उद्यमनगरी

भावा लई भारी लिवलंस. एक राहिलं बघ. जुनं रबर काढलंस तर त्येच्यात चमचम करणारं काय दिसलं का? मी लेथवर तेवीस वर्षं काढल्यात, म्हणून माझी नजर आधी तिकडंच जाती. रिम ॲल्युमिनियमची असती, रबर मऊ. घाटात वाळू-माती रबरात शिरती, ती रिम खरवडती, आणि निघालेली धातूची चिप परत रबरातच रुतती. मग ते रबर ऱ्हात न्हाई, ते धातू कापायचं टूल होतं. ब्रेक मारला की तू चाकाला टर्निंग मारालाइस असं समज.

'खर्रर्र' असा आवाज आला की समजायचं. सुईनं नाहीतर टाचणीनं एकेक कण उकरून काढायचा, आन मग पॉलिश पेपरावर रबर चार-सहा वेळा घासायचं. पेपर सपाट लादीवर ठेव आन रबर त्येच्यावर फिरव, उलटं करू नको. उलटं केलंस तर रबर मधी फुगीर ऱ्हातंय.

आन रिमवर बोट फिरव. मधी खोलगट लागलं तर ब्रेकचा इषय सोड, रिमच बदल. भिंत पातळ झाली की हवेच्या दाबानं ती एक दिवस बाहेर फाकती. बऱ्याच रिमांवर झीज कळायला बारीक खाच नाहीतर ठिपका दिलेला असतोय, तो पुसला की रिम संपली.

दांडीवरचा

चार कण निघाले! फेकून दिलेली रबरं कचऱ्यातून परत काढून बघितली. रिम सपाट आहे अजून.

पन्हाळावेडी

वाचनखूण साठवली. माझा किस्सा सांगतो. (बाई आहे आणि 'सांगतो'च म्हणणार, बाहेरगावच्या वाचकांनी दचकू नये. कोल्हापूर आहे.)

पावसाळ्यात माझा मागचा ब्रेक कुत्र्याचं शेपूट पायाखाली आल्यासारखा केकाटायचा. रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणारी माणसं मी येण्याआधीच बाजूला व्हायची, घंटी वाजवायला लागायची नाही. एक दिवस सासूबाईंनी मायेपोटी रिमला खोबरेल तेल लावलं. दाराची बिजागरी वाजली की तेल घालतात, तसं. आवाज पूर्ण बंद झाला. ब्रेकसुद्धा.

मी संध्यामठाच्या कोपऱ्यावर हे शोधून काढलो. समोर भेळेची गाडी होती. पुढचं लिहीत नाही.

प्रश्न असा की रिम मी तीन वेळा साबणानं धुतलो, तरी ब्रेक हवा तसा लागेना. रबर टाकून द्यावं लागेल का?

दांडीवरचा

सासूबाईंना साष्टांग नमस्कार.

रिमवरचं तेल निघतं, रबरात मुरलेलं निघायला वेळ लागतो. रिम भांड्याच्या साबणानं आणि कोमट पाण्यानं एकदा परत धू, मग मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं ते फडक्यावर घेऊन पूस. करोनातलं उरलेलं सॅनिटायझर वापरू नकोस, त्यात बऱ्याचदा ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर मागं राहतो. रबरं काढून पॉलिश पेपरावर वरची चकाकी जाईपर्यंत घास. काळं निस्तेज रबर दिसायला लागलं की बसवून बघ. तरीही घसरलं तर बदल. दीडशे रुपयांसाठी भेळेच्या गाडीशी परत भेट नको.

केकाटण्याचं मूळ कारण बहुतेक ती मागची मिमीभर फट नसणं. रबर सपाट टेकलं की ते थरथरतं, थरथर रिममधून घुमते आणि आवाज होतो. पुढचं टोक आधी टेकवलं की थरथर मोडते. आणि बिजागरीला तेल, ब्रेकला कधीच नाही. साखळीवर तेलाचा स्प्रे मारतानासुद्धा मागच्या रिमला कागद आडवा धरा.

चोवीस इंची

तुम्हा मंडळींचे ब्रेक बघून मजा वाटते. आमच्या चोवीस इंची सायकलला वायरच नव्हती. मुठीपासून चाकापर्यंत लोखंडी सळ्या, आणि रबरं रिमच्या बगलेला नव्हे तर आतल्या अंगाला, आऱ्यांच्या बाजूनं वर ओढली जायची. घोड्याच्या रिकिबीसारखा तो आकार. चाकाला डावा-उजवा आउट असला तरी ब्रेकला फरक पडायचा नाही. वर-खाली आउट असला तर मात्र दर फेरीला टक-टक.

दुधाचे दोन कॅन हँडलला आणि दोन कॅरियरला अडकवून मी कसबा बावड्यातून गावात यायचो. भरल्या कॅननं सायकल थांबवायची म्हणजे वीस हात आधी विचार करायचा. पावसात तर रिम क्रोमची, गुळगुळीत लोखंड. ओलं झालं की ब्रेक आहे असं फक्त म्हणायचं. तुमच्या ॲल्युमिनियमच्या रिमला निदान ओल्यातही थोडी पकड असते.

सळीच्या ब्रेकची दुरुस्ती सोपी. सळ्यांच्या जोडावर नट असतो, तो सैल करून सळी वर सरकवायची, परत आवळायचा. बायकोच्या केसातल्या पिनेनं आणि पक्कडीनं मी आयुष्य काढलंय. लग्नपत्रिका वगैरे चैन आमच्या वेळी नव्हती, त्या पाहुण्यांसाठी असायच्या.

कळंब्याचा पाहुणा

शिकायला म्हणून कोल्हापुरात आलोय, सायबर चौकातून विद्यापीठात रोज सायकलनं जातो. सेकंडहँड सायकल घेतली आहे. व्ही-ब्रेक आहेत. एक बाजू कायम रिमला घासत असते, दुसरी लांब. वायर सैल केली तर ब्रेक लागत नाही, आवळली तर चाक फिरत नाही. सगळे म्हणतात दुकानात दे.

दांडीवरचा

दुकानात दिलीस तर काय करतील ते धाग्याच्या सुरुवातीला लिहिलंय.

ब्रेकच्या दोन्ही हातांच्या खाली, बाहेरच्या अंगाला एकेक बारीक स्क्रू दिसेल. तो स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करतो. जी बाजू घासते त्या बाजूचा स्क्रू थोडा आवळ, पाव फेरी. त्या हाताची स्प्रिंग कडक होते आणि तो रिमपासून लांब जातो. मूठ दोन-तीनदा दाब, बघ, परत पाव फेरी. एकदम दोन-तीन फेऱ्या मारू नकोस. तो स्क्रू संपेपर्यंत आवळूनही हात हलत नसेल तर स्प्रिंग तिच्या खाचेतून निसटलेली असेल किंवा खुंटीवर गंज असेल. ब्रेकचा हात काढून खुंटी पुसून बोटभर ग्रीस लाव. तिथं ग्रीस चालतं, पण रबराला हात लावायच्या आधी हात धू.

त्याआधी एक बघ, चाक तरी चिमट्यात सरळ बसलंय ना? पंक्चर काढून चाक परत लावताना एक बाजू नीट आत गेलेली नसते. मी एकदा अर्धा तास ब्रेकशी झटलो आणि दोष चाकाच्या नटाचा निघाला.

उद्यमनगरी

सेकंडहँड हाय म्हणतोयस तर वायर बघ आधी. मुठीत वायरची गोळी जिथं बसती तिथं तंतू सुटल्यात का? एक जरी तुटला आसंल तर बाकीचे त्येच्या मागनं जात्यात. नवी वायर घालताना कापलेल्या टोकाला टोपी बशीव, न्हाईतर ते टोक बोटात घुसतंय आन वायर उसवती.

शाहूपुरीकर

उद्यमनगरींच्या वायरीवरून आठवलं. २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी होतं तेव्हा सायकल चार दिवस पाण्याखाली होती. बाहेरून धुऊन पुसून छान दिसायला लागली, पण ब्रेक दाबला की मूठ परत यायचीच नाही. रबर रिमला चिकटून बसायचं. मी स्प्रिंगा बदलल्या, रबरं बदलली, काही नाही. शेवटी आउटरमधून, म्हणजे वायरवरच्या नळीतून, वायर ओढून काढली तर तिच्याबरोबर पंचगंगेचा गाळ आला. अक्षरशः. आउटर आणि वायर दोन्ही नवीन घातल्या तेव्हा सुटलो.

२०२१ ला पाणी आलं तेव्हा सायकल आधी गच्चीवर नेली, फ्रीज नंतर. घरात यावरून अजून बोलणी खातो.

पन्हाळावेडी

फ्रीज! कळवायला आलो: रबरं घासून बसवली, मागं पत्रिकेची फट ठेवली. आवाज गेला. रंकाळ्यावरची माणसं आता मला बघून दचकतात, कारण मी येतोय हे कळतच नाही. घंटी घेतली.

घाटमाथा

डिस्क ब्रेकवाल्यांनी या धाग्यावर काय करायचं? गगनबावड्याला जाऊन आल्यापासून मूठ खोल जाते. तारेचे डिस्क आहेत, तेलाचे नाहीत.

दांडीवरचा

तारेच्या डिस्कमध्ये बहुधा एकच पॅड हलतं, बाहेरचं. आतलं जागच्या जागी असतं. तारेचे पॅड झिजले की आपोआप पुढं सरकत नाहीत. लोक तारच आवळत राहतात, त्यानं ब्रेकचा हात आधीच अर्धा फिरलेला राहतो आणि ताकद जाते. म्हणजे पुन्हा तोच रोग. आतल्या बाजूला चाकाच्या आरीतून एल-की घालता येईल असा स्क्रू किंवा फिरवायची चकती असते. ती फिरवून आतलं पॅड डिस्कच्या अगदी जवळ आण, कागद जेमतेम सरकेल इतकं. मग तारेकडं बघ.

पॅड बाहेर काढून बघ. पत्र्यावरचा मसाला मिमीपेक्षा कमी उरला असेल तर बदल. नवे पॅड घातल्यावर थेट घाटात जाऊ नकोस. सपाट रस्त्यावर मध्यम वेगातून वीसेक वेळा हळूहळू वेग कमी कर, पूर्ण न थांबता. त्याशिवाय ते डिस्कवर बसत नाहीत. आणि डिस्कला बोट लावू नकोस. थंड असेल तर बोटाचं तेल तिला लागतं, नुकताच उतरून आला असशील तर बोट तिला चिकटतं.

उद्यमनगरी

डिस्कची जाडी व्हर्नियरनं (बारीक मापं घ्यायचं हत्यार) मोज. शिमानो कंपनीच्या डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेलीच असती, १.५ मिमी. नवी १.८ असती. ०.३ चा सगळा खेळ. व्हर्नियर नसंल तर उद्यमनगरात ये, च्या पाजतो आन मोजून देतो.

आन तेलाचे डिस्क आसणाऱ्यांनी चाक काढल्यावर मूठ दाबायची न्हाई. पॅड एकमेकाला चिकटत्यात, मग चाक आत जाईना. मधी पुठ्ठ्याचा तुकडा घालून ठेवा. माझ्या पुतण्यानं दाबली आन सगळा रविवार पेचकस घालून पॅड फाकवण्यात गेला.

चोवीस इंची

घाटातल्या ब्रेकबद्दल कुणी लिहिलं नाही. जोतिबावरून केर्लीकडं उतरताना पोरं ब्रेक दाबून धरूनच येतात. पूर्ण उतार रबर रिमला घासत राहिलं की रिम तापते, हाताला चटका बसेल इतकी, आणि आतली ट्यूब फुटू शकते. वळणाच्या आधी जोरात दाबा, वेग कमी झाला की सोडा. पुढचा, मागचा, दोन्ही वापरा. थांबवायची खरी ताकद पुढच्यात असते, पण ओल्या वळणावर पुढचा एकटा दाबलात तर चाक निसटतं.

हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून रस्त्यावर येतील. त्यांच्या मागं जाताना अंतर दुप्पट. ट्रॉलीला ब्रेक लाइट बघितलाय का कुणी?

कळंब्याचा पाहुणा

पाव फेरी, परत पाव फेरी, एकूण दीड फेरी. घासणं बंद! चाक मोकळं फिरतंय. पण एक शंका. नवी रबरं आणली त्यांना एका टोकाला बंद आहे आणि दुसऱ्या टोकाला उघडं, रबराची पट्टी बाहेर सरकवता येते. कुठलं टोक पुढं?

दांडीवरचा

बरं झालं विचारलंस. बंद टोक पुढं, उघडं मागं. ब्रेक लागताना रिम रबराला पुढं ओढते. उघडं टोक पुढं ठेवलंस तर पट्टी चप्पलमधून पाय सरकावा तशी निघून जाईल. पट्टी अडवायला बारीक पिन किंवा स्क्रू असतो, तो बसलाय ना तेही बघ. काही रबरांवर बाण असतो, डावं-उजवं लिहिलेलं असतं.

आणि ब्रेकच्या वरची वाकडी नळी बघ, जिच्यातून वायर येते. चाक काढताना ती सोडवतात आणि परत अडकवायची विसरतात. ती सुटी असेल तर ब्रेक नाहीच.

कळंब्याचा पाहुणा

उलटं बसवलं होतं. आत्ता काढतोय. रूममेट मूठ दाबायचे तीस रुपये मागतोय.

दांडीवरचा

आमच्या मुलीला कळू देऊ नकोस.